गुरुवारची माती

सर, तुम्ही मला तोंडघशी पाडलंत. गेलेल्या माणसाशी भांडू नये म्हणतात. पण तुम्ही होता तेव्हा आपण दर गुरुवारी भांडतच होतो, आता एकदम गोड बोलायला लागले तर तुम्हालाच संशय येईल. मी तुमच्यावर एकच काम सोपवलं होतं. शाळेच्या मेळाव्यात तांड्यातल्या आयांशी तुम्ही बोलणार होता. "बाई, तुम्ही फक्त पोरं अन् त्यायच्या आया घेऊन या, बाकी मी पाहतो," असं खिचडीचं ताट हातात धरून तुम्ही म्हणालात. मी पोरं नेली, आयाही नेल्या. तुम्ही त्याआधीच निघून गेलात.

तुमच्या मुलीचा फोन आला तेव्हा मी एका तान्ह्या बाळाला वजनकाट्याच्या झोळीत ठेवत होते. तुमच्या फोनमध्ये 'अंगणवाडी बाई' असं नाव दिसलं म्हणून तिनं केला होता. सकाळी अंगणात कुंड्यांना पाणी घालता घालता बाबा खाली बसले आणि उठलेच नाहीत, असं ती म्हणाली. मी 'बरं' म्हटलं. सर, अशा वेळी कुणी 'बरं' म्हणतं का? पण बाळ काट्यावर लटकत होतं, रडत होतं.

तेरवीला मी यवतमाळला आले होते. लोहाऱ्याकडचं तुमचं घर शोधत आले. तुमचा फोटो मोठा होता, हार त्याहून मोठा. तुमचे जुने विद्यार्थी, शाळेतले लोक, नातेवाईक सगळे तुमच्या चित्रांबद्दल बोलत होते, तुम्ही गॅदरिंगचे पडदे कसे रंगवायचे ते सांगत होते. तुमच्या मुलीनं मला पाणी दिलं आणि विचारलं, तुम्ही कुठल्या? मी म्हटलं, मी गुरुवारची. ती म्हणाली, आम्हाला वाटायचं बाबा गुरुवारी मंदिरात जातात. घरातल्या माणसांनाही ज्यानं सांगितलं नाही, त्याच्या वतीनं परक्या बाईनं काय सांगायचं?

तुम्ही पहिल्यांदा आलात ते दोन पोळ्यांआधी, ऐन पावसाळ्यात. बोरी अरबला बसमधून उतरून आमच्या तांड्यापर्यंत चिखल तुडवत आलात, चपला हातात, खांद्यावर झोळी. मला वाटलं कुणी विमावाला आला. तुम्ही म्हणालात, मी रिटायर ड्रॉइंग मास्तर आहे, दर गुरुवारी पोरांसोबत बसायला येईन, तुम्हाला त्रास देणार नाही. पुढे कळलं की तुम्ही पर्यवेक्षिका मॅडमना सांगितलं होतं, जिथं कुणी जात नाही अशी एखादी अंगणवाडी द्या. त्याचाही मला राग आला होता. आम्ही राहतो की इथं.

त्रास देणार नाही म्हणालात आणि पहिल्याच गुरुवारी माझी चित्रं रंगवायची पुस्तकं उचलून कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवलीत. ती पुस्तकं मी भांडून मिळवली होती. आंबा, पोपट, फुगा, छत्री, सगळ्यांच्या जाड काळ्या रेषा. पोरं शांत बसायची, आया खूश व्हायच्या, पोपट हिरवा झाला की मी त्यावर तारा काढायची. तुम्ही विचारलंत, "पोपट कोणी काढला?" मी म्हटलं, छापून आला. "मग पोराचं त्यात काय?" तुमच्या या एका वाक्यानं माझ्या तीन भिंती रिकाम्या झाल्या. पुढच्या महिन्यात पर्यवेक्षिका मॅडम आल्या आणि म्हणाल्या, भिंतीवर काहीच दिसत नाही, पोरं करतात काय? तेव्हा तुम्ही यवतमाळात होता. बोलणी मी खाल्ली.

पोरं काय करत होती ते मी त्यांना दाखवलं असतं, पण दाखवायला होतं काय? कागद फाडून कात्रणांचा ढीग. ज्वारीच्या धांड्यांचे तुकडे सुतळीत ओवलेले. पाण्यात बुडवलेल्या फडक्यानं ओट्यावर काढलेली चित्रं, जी वाळली की गेली. तुम्ही म्हणायचात, आधी बोटांत जोर येऊ द्या, मनगट फिरू द्या, मग पेन्सिल आपोआप धरतील. पण आयांना हे कोण सांगणार? त्यांना घरी नेता येईल असं काहीतरी पाहिजे. 'अ' पाहिजे, 'ए फॉर ॲपल' पाहिजे. दारव्ह्याच्या कॉन्व्हेंटची पिवळी व्हॅन रोज सकाळी तांड्याच्या तोंडाशी हॉर्न मारते. तिच्यात बसणारं पोर टाय घालतं आणि संध्याकाळी दोन पानं गिरवून आणतं. आमचं पोर संध्याकाळी चिखलाचे हात घेऊन घरी जातं. कोणती आई काय निवडेल, हे सांगायला ड्रॉइंग मास्तर लागत नाही.

तुमचं सोपं होतं हो. गुरुवारी यायचं, मांडी घालून पोरांत बसायचं, त्यांनी कुशीत शिरायचं. शुक्रवार माझा होता. लसीकरण माझं, वजनं माझी, गरोदर बायांच्या घरी जाणं माझं, मदतनीस रजेवर असली की खिचडीही माझी. आणि त्यात तुमचा नवा कायदा, की पोरानं काही दाखवलं तर 'छान' म्हणायचं नाही. मी दिवसभर 'छान, छान' म्हणत असते, कारण तेवढाच वेळ असतो. तुम्ही म्हणालात, "छान म्हणून तुम्ही पळून जाता बाई. त्याले म्हणा, सांग बरं याचं." मी म्हटलं, एवढ्या पोरांचं 'सांग बरं' ऐकत बसले तर खिचडी करपेल. तुम्ही हसलात. करपली एकदा, आठवतं ना? करपलेली खिचडी तुम्ही मुकाट्यानं खाल्लीत आणि मला आणखीच राग आला, कारण तुम्ही काही बोलला असता तर मला बोलता आलं असतं.

एकदा मात्र मी तुम्हाला गप्प केलं. श्रावणातला गुरुवार होता, पोरं कमी होती. तुम्ही मलाही कागद दिला आणि म्हणालात, बाई, तुम्हीही काढा काहीतरी. माझ्या हातून आपोआप आलं ते आलं. दोन डोंगर, मधून उगवता सूर्य, खाली नदी, नदीकाठी झोपडी, झोपडीमागं नारळाचं झाड. तुम्ही पाहिलंत आणि विचारलंत, "आपल्या तांड्यातून नारळ दिसते का हो?" पोरंही खिदळली. मला झोंबलं. मी म्हटलं, "सर, मला हे तुमच्याच जातभाईंनी शिकवलं. शाळेत ड्रॉइंगच्या मास्तरांनी फळ्यावर काढलं आणि आम्ही पाहून काढलं. सूर्य डोंगराच्या मधोमध नाही आला तर छडी होती." तुमचा चेहरा उतरला. बराच वेळ तुम्ही खडूंची पेटी आवरत राहिलात. मग म्हणालात, "मीच शिकवलं असंल. सारी नोकरी मी हेच डोंगर काढून घेतले."

तुम्ही आमच्याकडे का येता, हे मला त्या दिवशी कळलं. तुम्हाला पोरांना काही शिकवायचं नव्हतंच. हायस्कुलात तुमच्यासमोर जी पोरं आली ती आधीच डोंगर-सूर्य शिकून आलेली होती, त्यांचं काही करता येईना. म्हणून तुम्हाला त्याच्या आधी पोहोचायचं होतं, पोर शाळेत जायच्या आधी. मला हे पटलं होतं. पण तसं मी तुम्हाला बोलून दाखवलं नाही, कारण तुम्हाला जरा पटलं म्हटलं की तुम्ही लगेच पुढचं काढायचात.

आणि काढलंतच. फेटियाचं काढलंत. आमच्या बंजाऱ्यांच्या म्हाताऱ्या अजून फेटिया घालतात, आरसे आणि कवड्या लावलेला तो घेरदार घागरा. तुम्ही एकीचा फेटिया पाहिलात आणि वेडे झालात. म्हणालात, या म्हाताऱ्यांना अंगणवाडीत बसवा, पोरांना टाके बघू द्या, आरसे चिकटवू द्या, एवढी मोठी चित्रकला घरात असताना पोपट कसले रंगवता. मी सरळ नाही म्हटलं. सर, तुम्हाला त्या घागऱ्यातले आरसे दिसतात, मला त्याचं वजन दिसतं. माझ्या याडीनं, म्हणजे माझ्या आईनं, तो घालून उन्हात कापूस वेचला. बाजारात तिला लोक वळून वळून पाहायचे ते कौतुकानं नाही. तिनं मला साडी नेसवली, बारावीपर्यंत शिकवलं, ते या सगळ्यातून बाहेर काढायला. आणि तुम्ही आलात शहरातून, पिढ्यान्‌पिढ्या कचेरीत बसलेल्या घरातून, आणि म्हणता परत घाला. तुम्ही म्हणालात, घाला म्हणत नाही, पाहा म्हणतो. मी म्हटलं, पाहणं तुम्हाला परवडतं.

हे भांडण आपलं अर्धवट राहिलं. तुम्ही त्या दिवशी 'विचार करतो' म्हणालात आणि पुढच्या गुरुवारी दुसरंच काहीतरी घेऊन आलात. विचार केला होता का? काय ठरलं होतं तुमचं? मला खरंच जाणून घ्यायचं होतं, कारण घरी जाऊन मी याडीच्या पेटीतला फेटिया काढून पाहिला होता. टाके मोजके आणि सरळ, कुठं सैल नाही. मी घडी घालून परत ठेवला. आता ही गोष्ट कुणाला सांगू?

पोळ्याचं तर विचारूच नका. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, पोरांचा पोळा. लाकडी बैलांना झुली घालून, चाकांवर ओढत पोरं मारुतीच्या पारापाशी नेतात, सजवलेल्या बैलाला बक्षीस मिळतं, घरोघरी पोरांच्या हातावर बोजारा म्हणून खाऊ नाहीतर नाणं ठेवतात. तुम्ही आलात त्या पहिल्याच वर्षी ठरवलंत, यंदा विकतचा बैल नाही, पोरं स्वतःच्या हातानं मातीचा करतील. जन्मभर तुम्ही बाजारातली शाडू वापरलेली. इथं शेतातली काळी माती उचललीत, भिजवलीत आणि पोरांच्या पुढ्यात ठेवलीत. काळी माती वाळली की भेगाळते, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही माहीत आहे. मी म्हटलं होतं. तुम्ही म्हणालात, सावलीत वाळवू. सावलीत वाळवले आणि पारापर्यंत पोहोचेस्तोवर कुणाच्या बैलाचं शिंग गेलं, कुणाचा पाय गेला, कुणाच्या हातात नुसतं वशिंड राहिलं. शेजारच्या पोरांचे लाकडी बैल चाकांवर खडखडत चालले होते आणि आमची पोरं भोकाड पसरून उभी होती. लावण्याची आई रंजना मला सगळ्यांसमोर बोलली, "विकत घेतला असता तर पोरगी रडली नसती. कायले ऐकता त्या बुड्याचं?"

लावण्या तेव्हा चारची पण नव्हती. तिच्या हातात बैलाचं डोकं तेवढं राहिलं होतं. ते तिनं घट्ट धरलं होतं आणि बोजारा घ्यायला मूठ उघडायला तयार नव्हती. तुम्ही तिच्याजवळ उकिडवे बसलात आणि म्हणालात, सांग बरं याचं. ती हुंदके देत म्हणाली, "बाकीचा बैल चरायले गेला." तुम्ही माझ्याकडे अशा काही विजयानं पाहिलंत, की त्या क्षणी मला तुम्हाला बसमध्ये बसवून कायमचं यवतमाळला धाडावंसं वाटलं.

दुसऱ्या वर्षी आपण मातीत काय घालायचं यावर भांडलो. मी म्हटलं भुसा, चुलीला घालतो तसा. तुम्ही म्हणालात कापूस. फरदडीचा घ्या, शेवटच्या वेचणीचा, ज्याला व्यापारी नाक मुरडतो तो. मला हसू आलं, मातीत कोणी कापूस घालतं का? दोन्ही करून पाहिलं. भुशाचे बैल खरबरीत झाले, कान तुटले. कापसाचे टिकले. सगळे चार पायांवर पारापर्यंत गेले आणि परत आले. बक्षीस अर्थातच पॉलिश केलेल्या मोठ्या लाकडी बैलाला मिळालं, आया पुन्हा नाराज झाल्या, पण तुम्हाला बक्षिसाची पडलेलीच नव्हती. मी हरले हे मान्य. मग मी सरळ विचारलं, एवढ्या मातीला कापूस किती? तुम्ही म्हणालात, "ते मातीलेच विचारायचं असते बाई." उत्तर देता आलं नाही की माणूस असं बोलतो, असं मी तेव्हा मनात म्हटलं. आणि खिचडी उतू चालली होती म्हणून चुलीकडं गेले.

तर मेळावा. पहिलीत जाणाऱ्या पोरांसाठी शाळेत उन्हाळ्यात जो मेळावा भरतो, तयारी पाहायला, त्याच्यावरच सगळं येऊन ठेपलं होतं. रंजनानं स्पष्ट सांगितलं होतं की मेळाव्यात पोरीचं काय म्हणतात ते पाहीन, मग ठरवीन. गावच्या शाळेत की व्हॅनमध्ये. बाकीच्या आया रंजनाकडं पाहत होत्या, कारण तांड्यात बोलकी तीच. तुमचा लावण्यावर जीव होता हे तुम्ही लपवत होता, पण लपत नव्हतं. म्हणून तर तुम्ही म्हणालात, आयांशी मी बोलतो.

शाळेच्या व्हरांड्यात टेबलं मांडली होती, फुगे बांधले होते. एका टेबलावर चालणं-उडी, एका टेबलावर मणी मोजणं, एकावर कागद दुमडणं. कागद आमच्या पोरांनी असा दुमडला की टेबलावरचे तरुण गुरुजी बघतच राहिले. माझी छाती फुगली. मग रंगाचं टेबल आलं. प्रत्येक पोराला एक छापील आंबा, जाड काळ्या रेषेचा. सर, तोच आंबा. मला तुमचा पोपटावरचा प्रश्न आठवला.

लावण्यानं आंब्याला हातच लावला नाही. तिनं हिरवा खडू घेतला आणि आंब्याच्या बाहेरचा सगळा कागद, पार कोपऱ्यापर्यंत, दाबून दाबून हिरवा केला. आंबा पांढराच्या पांढरा. टेबलावरच्या मॅडम चांगल्या होत्या, त्यांनी तिच्या गालाला हात लावला आणि म्हटलं, हिला थोडा सराव लागेल. रांगेत पुढचं पोर उभं होतं. रंजनाचा चेहरा पडला. ती माझ्याकडं वळली आणि हळू आवाजात म्हणाली, "दोन वर्सं मातीत खेळवलं बाई तुम्ही. पोरीले साधा आंबा रंगवता येत नाही."

मी व्हरांड्याच्या पायऱ्यांकडं पाहिलं. खोटं नाही सांगत, मी तुम्हाला शोधत होते. तेरवीला जेवून आले होते आणि तरी पाहिलं, की झोळीवाला येतो का. मला इतका राग आला सर, तुमचा, मॅडमचा, रंजनाचा, त्या छापील आंब्याचा. तुम्ही असता तर काहीतरी असं बोलला असता की आया ऐकत राहिल्या असत्या. मला तसं बोलता येत नाही. मी लावण्याचा कागद उचलला, रंजनाच्या हातात दिला आणि म्हटलं, "तिले विचार तरी." ती म्हणाली, काय विचारू? मग मीच पोरीसमोर बसले. तोंडातून तुमचेच शब्द आले, सांग बरं याचं.

लावण्या म्हणाली, "पानात झाकला. माकडाले दिसू नये म्हून."

मॅडम हसल्या, त्यांनी कागद परत मागून घेतला आणि नीट पाहिला. रंजनाही हसली, पदर तोंडाला लावून. मला वाटलं, झालं, जिंकलो. मी बोलायलाही लागले. बोटांचा जोर, मनगट, तुमचं सगळं सांगत सुटले, पण निम्म्यात माझी जीभ अडखळली. मधेच कुणीतरी चहा आला म्हणालं, आणि आया उठल्या. उरलेलं माझ्या तोंडातच राहिलं.

दोन दिवसांनी रंजनानं कॉन्व्हेंटच्या व्हॅनमध्ये लावण्याचं नाव टाकलं. टायसुद्धा आणला. तिनं मला स्वतः येऊन सांगितलं, हे तिचं मोठेपण. पोरगी हुशार आहे हे तर कळलं, म्हणून तर चांगल्या शाळेत टाकते, असं म्हणाली. म्हणजे तुमच्या दोन वर्षांच्या मातीनं काय केलं सर? पोरीला शहाणं केलं आणि व्हॅनमध्ये बसवलं. ज्या पोपटापासून तुम्ही तिला वाचवलंत त्याच पोपटाकडं ती आता रोज टाय लावून जाणार. मी तुमच्यावर हसावं की रडावं? रंजनाचं चुकलं असंही मला म्हणवत नाही. माझ्या याडीनं मला साडी नेसवली तेच तिनं केलं.

जाता जाता रंजना दारात थांबली आणि म्हणाली, "गुरवारी व्हॅनमधून उतरली का हिले इकडं पाठवत जाऊ का? घरी नुसती कणकीचे बैल करून राह्यली. चपात्याले कणिक उरत नाही."

मी तोंड वळवून म्हटलं, पाठव.

तुमच्या शेवटच्या गुरुवारी तुम्ही कोपऱ्यातल्या घमेल्यात माती भिजवून गेला होता. तेव्हापासून मी रोज तिच्यावरचं पोतं ओलं करत होते. का, ते मला सांगता येत नव्हतं. मदतनीस म्हणाली, वास येतो, फेकून द्या. मी म्हटलं, राहू दे. मेळाव्यानंतरच्या गुरुवारी सकाळी पोरं आली आणि सरळ घमेल्याभोवती बसली. सर कुठं, असं त्यांचं आधीच्या गुरुवारी विचारून झालं होतं, आता विचारलं नाही. मी पोतं काढलं. माती आंबली होती, लोण्यासारखी झाली होती. फरदडीचा कापूस कपाटात होता, तुमच्या त्या वरच्या फळीवर, रंगवायच्या पुस्तकांच्या शेजारी. तो काढला, पिंजला आणि मग घमेल्यासमोर बसून राहिले. किती घालू? तुम्ही सांगितलं नाही. मी विचारलं होतं आणि तुम्ही सांगितलं नाही. मला रडू आलं ते त्या क्षणी, तेरवीला नाही.

मी अंदाजानं मूठभर घातला आणि मळायला लागले. लावण्याची व्हॅन अजून सुरू व्हायची होती, ती शेजारी सरकली. तिनं मातीचा एक तुकडा तोडला, दोन्ही तळव्यांमध्ये फिरवून त्याची बारीक वात केली आणि ती वात आपल्या करंगळीभोवती गुंडाळली. मी हे पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. तुम्ही माती मळत होता तेव्हा मी कायम चुलीपाशी, नाहीतर दारात कुठल्यातरी आईची समजूत घालत. वातीला वळणावर बारीक भेग पडली. लावण्यानं ती डोळ्यांजवळ नेली, तुम्ही चष्मा सरकवायचात तसं नाक आक्रसलं आणि म्हणाली, "माती नाही म्हणते, बाई. आजून घाल."

मी आणखी घातला. तिनं पुन्हा वात केली, पुन्हा गुंडाळली, पुन्हा बारीक भेग. तोवर सगळ्या पोरांच्या करंगळ्यांवर वाती होत्या, आणि प्रत्येक जण वेगळंच सांगत होता. मी घालत गेले, मळत गेले. शेवटी एक वात वळली ती अखंड वळली. लावण्यानं ते बोट माझ्यासमोर धरलं आणि म्हणाली, "आता हो म्हणाली."

मी जे विचारलं ते तुम्ही मला सांगितलं नाहीत, पोरांना दाखवून ठेवलंत. याबद्दल मी तुम्हाला माफ करणार नाही सर. निदान पोळ्यापर्यंत तरी नाही.